नॅसवरचं फोल्डर आपोआप माउंट होत नाही : लिनक्सवर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

वागळे इस्टेटमधलं डिझाइन ऑफिस, नौपाड्यातलं सीएचं ऑफिस, महाप्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना, सगळीकडे मांडणी साधारण एकच. कोपऱ्यात एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डिस्कचा डबा), एक स्विच आणि पाच-दहा उबुंटू किंवा फेडोराची मशीन. नॅसवरचं फोल्डर लागेल तेव्हा आपोआप जोडलं (माउंट केलं) जावं म्हणून ऑटोएफएस हा प्रोग्राम किंवा सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, ऑटोमाउंट बसवलेला. तक्रारही एकच: काल चालत होतं, आज फोल्डर रिकामं दिसतंय.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायची; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

- फोल्डर दिसतं, आत काही नाही, एररही नाही.
- आत जायला गेलं की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.
- टर्मिनल थिजतं, कंट्रोल-सी दाबूनही सुटत नाही. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञाही अडकून बसते.
- लाइट जाऊन आल्यावर किंवा सकाळी मशीन सुरू केल्यावर लागत नाही, थोड्या वेळाने आपोआप लागतं.
- लागतं, पण 'परमिशन डिनाइड' येतं किंवा सगळ्या फाइलींचा मालक 'नोबडी' दिसतो.
- 'स्टेल फाइल हँडल'.

तपासायला बसण्याआधी ऑटोमाउंट काय करतो ते डोक्यात पक्कं हवं. मशीन सुरू होताना तो काहीच माउंट करत नाही. ठरलेल्या पाथवर फक्त पहारा ठेवतो. कोणी त्या पाथला हात लावला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या प्रोग्रामला थांबवून ठेवतो आणि ऑटोमाउंट डिमनला, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो. डिमन मॅप फाइल (कोणतं फोल्डर कुठून जोडायचं त्याची यादी) वाचतो, नेहमीची माउंट आज्ञा चालवतो, आणि मग थांबलेला प्रोग्राम पुढे सरकतो. म्हणजे बिघाड तीन जागी असू शकतो: नेटवर्क आणि सर्व्हर, खुद्द माउंट आज्ञा, किंवा पहारेकरी. लोक सर्वात आधी पहारेकऱ्याच्या फाइली बदलायला लागतात आणि चालू असलेलंही मोडून ठेवतात. त्याचा नंबर शेवटी.

१. रिकामं दिसतं म्हणजे रिकामं आहे असं नाही

ही तपासणी फुकट आहे, आणि निम्मं काम इथेच संपू शकतं. ऑटोएफएसमध्ये 'ब्राउझ मोड' सहसा बंद असतो. समजा /नॅस खाली 'हिशोब' नावाचं फोल्डर लागायचं आहे. 'एलएस /नॅस' म्हटलंत तर काही दिसणार नाही, कारण 'हिशोब'ला अजून कोणी हात लावलेला नाही. टॅब दाबून नावही पूर्ण होणार नाही. पूर्ण पाथ द्या:

एलएस /नॅस/हिशोब

फाइली दिसल्या तर काहीही बिघडलेलं नाही. फाइल मॅनेजरमधून काम करणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्यासाठी /इटीसी/ऑटो.मास्टर या मास्टर फाइलमधल्या /नॅसच्या ओळीच्या शेवटी '--घोस्ट' जोडा आणि ऑटोएफएस रीस्टार्ट करा. मग नावं आधीपासून दिसतात, माउंट मात्र उघडल्यावरच होतं. मॅपमध्ये नावांऐवजी तारांकन वापरलं असेल तर घोस्टचा उपयोग नाही, दाखवायला नावंच नसतात.

२. वायर, दिवा, आयपी

नॅसच्या आणि मशीनच्या नेटवर्क पोर्टचा दिवा लागलाय का ते डोळ्यांनी पाहा. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे या खाडीकडच्या भागात दमट खारी हवा आरजे-४५ च्या पिनांवर बसते. पावसाळ्यानंतर क्लिप काढून पाहिली तर पिना काळपट किंवा हिरवट झालेल्या दिसतात. अशी लिंक पूर्ण तुटत नाही, मधूनमधून सुटते, म्हणून कोणाला संशय येत नाही. 'सुडो इथटूल' पुढे इंटरफेसचं नाव देऊन स्पीड पाहा. गिगाबिटच्या स्विचवर १००० ऐवजी १०० दिसलं तर आधी केबल बदला. आठ तारांपैकी एखादी जोडी सुटली की लिंक चार तारांवर, म्हणजे १०० वर उतरते.

मग 'आयपी ए'. राउटर नुकताच बदलला असेल तर इथे नीट बघा. जुना राउटर १९२.१६८.१ ची मालिका देत होता आणि नवा १९२.१६८.० ची देतो, असं फार वेळा होतं. नॅसला हाताने दिलेला आयपी जुन्याच मालिकेत राहतो. उलटही होतं: नॅसचा आयपी डीएचसीपीवर (राउटर देईल तो) असतो, लाइट जाऊन आल्यावर त्याला दुसराच नंबर मिळतो आणि मॅप फाइल मात्र जुन्या पत्त्यावर जाते. राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवला की हा त्रास कायमचा संपतो.

मॅपमध्ये आयपीऐवजी नाव असेल तर 'गेटएंट होस्ट्स' पुढे ते नाव देऊन बरोबर आयपी येतो का पाहा. लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर असेल तर इंटरनेट चालेल, नॅस दिसणार नाही. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं.

३. पोर्ट

पिंग गेलं म्हणजे सर्व्हर चालू आहे इतकंच कळतं. फाइल सेवा चालू आहे की नाही ते पोर्ट सांगतो:

एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० २०४९

एनएफएस म्हणजे लिनक्स पद्धतीच्या शेअरसाठी २०४९, सांबा म्हणजे विंडोज पद्धतीच्या शेअरसाठी ४४५. 'रिफ्यूज्ड' आलं तर पत्ता पोचतोय पण सेवा बंद आहे. नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. फर्मवेअर अपडेटनंतर ती बंद झालेली आढळते. काहीच उत्तर न येता वेळ संपली तर मधे फायरवॉल आहे. एनएफएसच्या जुन्या आवृत्ती ३ ला १११ आणि माउंटडीचा (माउंटच्या विनंत्या घेणाऱ्या सेवेचा) पोर्टही लागतो, आवृत्ती ४ ला एकटा २०४९ पुरतो. फायरवॉलची भानगड कमी करायची असेल तर आवृत्ती ४ वापरा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. घरून काम करता यावं म्हणून हे पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडे करू नका. त्यासाठी व्हीपीएन लावा.

४. हाताने माउंट करून पाहा

संपूर्ण तपासणीत सर्वात महत्त्वाची पायरी हीच. ऑटोमाउंटच्या हद्दीबाहेर एक रिकामं फोल्डर करा आणि तिथे माउंट करा:

सुडो एमकेडिर /एमएनटी/चाचणी
सुडो माउंट -व्ही -टी एनएफएस १९२.१६८.१.२०:/व्हॉल्यूम/हिशोब /एमएनटी/चाचणी

हाताने लागलं तर नेटवर्क, सर्व्हर, परवानगी सगळं ठीक आहे आणि दोष ऑटोमाउंटच्या फाइलीत आहे. सुडो युमाउंटने चाचणी सोडवा आणि थेट पायरी ५ वर (सिस्टमडी वापरत असाल तर ६ वर) जा. हाताने लागलं नाही तर ऑटोएफएसला हातही लावू नका. एरर काय म्हणतो ते वाचा.

'बॅड सुपरब्लॉक' आणि 'हेल्पर प्रोग्राम' असे शब्द असलेला लांबलचक एरर पाहून लोक घाबरतात, डिस्क गेली असं वाटतं. बहुधा फक्त पॅकेज नसतं. उबुंटू आणि डेबियनवर एनएफएस-कॉमन, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात एनएफएस-युटिल्स, सांबा शेअरसाठी सगळीकडे सीआयएफएस-युटिल्स. नव्याने फॉरमॅट केलेल्या मशीनवर हे हमखास राहून जातं.

'प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड' किंवा आवृत्तीबद्दलचा एरर आला तर ऑप्शनमध्ये 'व्हर्स=३' किंवा 'व्हर्स=४' देऊन पाहा. जुन्या मॅपमध्ये 'प्रोटो=यूडीपी' लिहिलेलं असेल तर ते काढून टाका. कर्नल ५.६ पासून एनएफएस यूडीपीवर मुळातच बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे कित्येक वर्षं चाललेली ओळ अपग्रेडनंतर एकदम बंद पडते.

सांबामध्ये एररचे आकडे बोलके आहेत. १३ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११२ म्हणजे 'होस्ट इज डाउन', आणि तो फसवतो. नॅस चालू असूनही तो येतो, कारण जुना नॅस सांबाच्या एसएमबी या भाषेची फक्त आवृत्ती १ बोलतो आणि कर्नल ४.१३ पासून लिनक्स ती आवृत्ती आपणहून वापरत नाही. 'व्हर्स=१.०' देऊन चालतंही, पण ती आवृत्ती असुरक्षित आहे. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करता येतं का ते आधी पाहा.

'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आला तर सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स यादीत (कोणतं फोल्डर कोणाला द्यायचं त्या यादीत) तुमच्या मशीनचा आयपी बसत नाही. सर्व्हर लिनक्सचा असेल तर /इटीसी/एक्स्पोर्ट्स उघडा आणि या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा:

/व्हॉल्यूम/हिशोब १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)
/व्हॉल्यूम/हिशोब १९२.१६८.१.०/२४ (आरडब्ल्यू,सिंक)

फरक एका स्पेसचा. पहिल्या ओळीत तुमच्या नेटवर्कला वाचायची-लिहायची परवानगी आहे. दुसऱ्या ओळीत तुमच्या नेटवर्कला फक्त वाचायची परवानगी मिळते, आणि लिहायची परवानगी जगातल्या कोणत्याही आयपीला. हिशोबाच्या फोल्डरवर ही चूक किती महाग पडेल ते सांगायला नको. ओळ सुधारल्यावर 'सुडो एक्स्पोर्टएफएस -आरए', मग 'सुडो एक्स्पोर्टएफएस -व्ही' करून खरोखर काय लागू झालं ते वाचा. 'शोमाउंट -ई' वर मात्र विसंबू नका. ते माउंटडीला विचारतं, आणि फक्त आवृत्ती ४ चालवणारा सर्व्हर त्याला उत्तर देत नाही. म्हणून सर्व्हर बिघडला असं होत नाही.

५. ऑटोएफएसच्या फाइली

'सिस्टमसीटीएल स्टेटस ऑटोएफएस'ने डिमन चालू आहे हे पाहा. मग पुढच्या गोष्टी, याच क्रमाने.

मॅप फाइलचा एक्झिक्युट बिट. 'एलएस -एल /इटीसी/ऑटो.नॅस' करा. ओळीच्या सुरुवातीला आरडब्ल्यूएक्स असं, म्हणजे एक्स असलेलं काही दिसलं तर सापडला दोष. एक्झिक्युट बिट असलेली मॅप फाइल ऑटोएफएस वाचत नाही, प्रोग्राम समजून चालवतो आणि तो प्रोग्राम काय छापतो त्याची वाट पाहतो. फाइलमधला मजकूर शंभर टक्के बरोबर असतो, पुन्हा पुन्हा वाचूनही चूक सापडत नाही, कारण चूक मजकुरात नसतेच. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर एक्सफॅट किंवा एनटीएफएस पेन ड्राइव्हने फाइल नेली की हा बिट चिकटतो, कारण त्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइल एक्झिक्युटेबल दिसते. 'सुडो सीएचमॉड ६४४ /इटीसी/ऑटो.नॅस' केलं की झालं.

विंडोजमधून आलेली ओळ. 'कॅट -ए' (इथे ए मोठं अक्षर) करून फाइल पाहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसतं डॉलर चिन्ह हवं. त्याच्या आधी टोपीचं चिन्ह आणि एम दिसलं तर ती फाइल नोटपॅडमधून आली आहे. ते अदृश्य अक्षर पाथला किंवा पासवर्डला चिकटतं. सांबाच्या क्रेडेन्शियल फाइलमध्ये (नाव-पासवर्ड ठेवलेल्या फाइलमध्ये) यामुळेच बरोबर पासवर्ड असूनही एरर १३ येतो. डॉसटूयुनिक्स (मधला 'टू' आकड्यात, २) चालवा, आणि क्रेडेन्शियल फाइलची परवानगी ६०० ठेवा.

सांबा शेअरचा पाथ. मॅपमध्ये दोन तिरक्या रेघांच्या आधी कोलन हवा: '://१९२.१६८.१.२०/हिशोब'. हाताने माउंट करताना तो लागत नाही, म्हणून इथे विसरला जातो. शिवाय ऑटोमाउंट रूट म्हणून चालतो, त्यामुळे 'यूआयडी=' आणि 'जीआयडी=' दिले नाहीत तर फाइली रूटच्या होतात आणि वापरणाऱ्याला लिहिता येत नाही.

माउंटची जागा. इनडायरेक्ट मॅपमध्ये मास्टर फाइलीत वरचं फोल्डर लिहायचं असतं, मॅपमध्ये खालचं नाव. ऑटोएफएस ते वरचं फोल्डर पूर्ण ताब्यात घेतो आणि तिथे आधी असलेलं काहीही झाकलं जातं. म्हणून मास्टरमध्ये /होम लिहिलंत तर मशीनवरच्या सगळ्या युजरांचे होम फोल्डर गायब झाल्यासारखे दिसतील. ते गेलेले नसतात. ओळ काढून ऑटोएफएस रीस्टार्ट केला की परत दिसतात.

आता सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट. एकदा माउंट फसलं की ऑटोएफएस ते ६० सेकंद लक्षात ठेवतो आणि तेवढ्या वेळात पुन्हा प्रयत्नच करत नाही, सरळ 'नाही' म्हणतो. तुम्ही चूक दुरुस्त करता, दहा सेकंदांत तपासता, तरी एरर येतो. मग बरोबर केलेली दुरुस्ती उलटवून दुसरीच काहीतरी करून पाहता. प्रत्येक बदलानंतर ऑटोएफएस रीस्टार्ट करा किंवा पूर्ण एक मिनिट थांबा, आणि एका वेळी एकच बदल करा.

एवढ्यावरही सापडलं नाही तर सेवा थांबवून डिमन समोर चालवा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप ऑटोएफएस
सुडो ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी

दुसऱ्या टर्मिनलमधून पाथला हात लावा. पहिल्यात तो कोणती मॅप वाचतो, कोणती माउंट आज्ञा बनवतो आणि ती काय उत्तर देते हे ओळीओळीने दिसेल. ती आज्ञा उचला आणि हाताने चालवलेल्या आज्ञेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

६. एफएसटॅब आणि सिस्टमडी

एकाच पाथवर ऑटोएफएस आणि सिस्टमडी दोन्ही लावू नका, दोघे एकमेकांच्या पायात येतात. सिस्टमडी वापरत असाल तर /इटीसी/एफएसटॅब या माउंटच्या यादीत 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हा ऑप्शन हवाच; सोबत 'नोऑटो' आणि '_नेटडेव्ह' लिहिण्याची पद्धत आहे. फाइल बदलल्यावर 'सुडो सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड' आणि 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट'. हे न करता नुसती फाइल सेव्ह केली तर सिस्टमडी जुन्याच ओळीवर चालत राहतो.

फाइल मॅनेजर किंवा बॅकअप प्रोग्राम थोड्या सेकंदांत वारंवार पाथ उघडू पाहतो आणि नॅस बंद असतो, तेव्हा सिस्टमडी 'स्टार्ट लिमिट हिट' म्हणून त्या पाथचं ऑटोमाउंट युनिटच (सिस्टमडीची त्या कामाची नोंद) बंद करतो. नंतर नॅस आला तरी फोल्डर लागत नाही. 'सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' करा आणि ऑटोमाउंट युनिट पुन्हा सुरू करा.

७. लाइट जाऊन आल्यावरच येणारा त्रास

महावितरणची लाइट गेली आणि आली की सगळं एकाच वेळी सुरू होतं, पण तयार एकाच वेळी होत नाही. एसएसडीचं मशीन अर्ध्या मिनिटात डेस्कटॉपवर येतं. नॅसला काही मिनिटं लागतात, डिस्क तपासणी सुरू झाली तर बराच जास्त वेळ. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट पहिले ३० सेकंद डेटा पुढेच सोडत नाही. तेवढ्यात डेस्कटॉपवरचा एखादा आपोआप उघडणारा प्रोग्राम पाथला हात लावतो, माउंट फसतं आणि वरचा ६० सेकंदांचा नकार सुरू होतो.

खरा उपाय म्हणजे नॅस, स्विच आणि राउटर या तिघांना एक छोटा यूपीएस. मशीनना नसला तरी चालेल, या तिघांना हवाच. शिवाय स्विचवर मशीनच्या पोर्टसाठी पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. वाय-फायवरच्या मशीनमध्ये कनेक्शन 'सर्व युजरांसाठी' ठेवा, नाहीतर पासवर्ड एका युजरकडे राहतो आणि लॉगिन होईपर्यंत नेटवर्कच येत नाही.

८. लागतं, पण परवानगी नाही

साध्या एनएफएसमध्ये परवानगी नावावर नाही, नंबरवर चालते. एका मशीनवर 'अकाउंट्स' हा युजर १००० आणि दुसऱ्यावर १००१ असेल तर नाव तेच असूनही सर्व्हरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. दोन्हीकडे 'आयडी' चालवून आकडे जुळवा. सुडो लावूनही लिहिता येत नसेल तर तो दोष नाही. रूट स्क्वॉशमुळे सर्व्हर रूटला 'नोबडी' समजतो आणि तसंच राहू द्यावं. एक युजर खूप ग्रुपमध्ये असेल तर १६ च्या पुढचे ग्रुप सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत.

सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन प्रश्न मिटवू नका. फेडोरावर एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्थाही बंद करू नका. होम फोल्डर एनएफएसवर असतील तर 'सुडो सेटएसईबूल -पी यूज_एनएफएस_होम_डिर्स ऑन' (इथे पी मोठं अक्षर) एवढंच लागतं.

९. टर्मिनल थिजलंय

एनएफएस मुळात 'हार्ड' माउंट असतं. सर्व्हर गेला की प्रोग्राम थांबून राहतो, सर्व्हर परत आला की जिथे थांबला तिथूनच पुढे जातो. त्यामुळे आधी नॅस परत आणा आणि दोन-तीन मिनिटं वाट पाहा. 'सॉफ्ट' लिहून टाका असा सल्ला बरेच जण देतात. लिहायच्या फोल्डरवर तो धोक्याचा आहे, कारण वेळ संपली की अर्धवट लिहिलेली फाइल तशीच सोडून दिली जाते आणि अनेक प्रोग्राम तो एरर नीट सांगतही नाहीत.

अडकलेलं काय आहे ते पाहायला डीएफ नको, तोच अडकतो. 'फाइंडएमएनटी -टी एनएफएस,एनएफएस४,सीआयएफएस' वापरा. सर्व्हर परत येणारच नसेल तर 'सुडो युमाउंट -एल' पुढे पाथ द्या. 'स्टेल फाइल हँडल'वरही हाच उपाय. सर्व्हरवरचं ते फोल्डर काढून पुन्हा बनवलं किंवा डिस्क बदलली की तो येतो. सर्व्हर रीस्टार्टनंतर दर वेळी येत असेल तर एक्स्पोर्ट्सच्या ओळीत 'एफएसआयडी=' ठरवून द्या, प्रत्येक एक्स्पोर्टला वेगळा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नॅसमधून टकटक किंवा खरखर आवाज येतोय, बीप वाजतोय, किंवा नॅसची रेड (अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळण्याची मांडणी) 'डिग्रेडेड' दाखवतेय. अशा वेळी रीस्टार्ट करू नका, डिस्क काढून-घालून पाहू नका, एफएससीके ही डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा चालवू नका. चुकीची डिस्क एकदा बाहेर आली की चांगला राहिलेला डेटाही जाऊ शकतो. बॅकअप दुसरीकडे नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याखेरीज कोणालाही हात लावू देऊ नका.

मशीन डोमेनला जोडलेली असतील, मॅप एलडॅपवरून (मध्यवर्ती युजर-यादीवरून) येत असतील किंवा करबेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत असेल, तर तुमच्यापुरती एकच तपासणी: 'टाइमडेटसीटीएल'. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की करबेरॉस साधारणपणे नकार देतो. वेळ बरोबर असूनही लागत नसेल तर पुढचं काम ॲडमिनचं. बिझनेस पार्कमधल्या सामायिक नेटवर्कचा व्हीलॅन (स्विचमध्ये वेगळं ठेवलेलं नेटवर्क) किंवा फायरवॉल मधे येत असेल तर तिथल्या नेटवर्क टीमला सांगा, स्विचच्या पॅनेलमध्ये आपण शिरू नका.

बोलावण्याआधी एका साध्या फाइलमध्ये एवढं जमवून ठेवा: 'युनेम -आर'चं उत्तर, मास्टर आणि मॅप फाइल पासवर्ड काढून, हाताने केलेल्या माउंटचा पूर्ण एरर, 'जर्नलसीटीएल -यू ऑटोएफएस'च्या शेवटच्या पन्नास ओळी, आणि त्रास एकाच मशीनवर आहे की सगळ्या मशीनवर.